इंटरमिजिएट इंग्लिश शब्दसंग्रह : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमधली पोरं, हिंजवडीला जाणारे नोकरीवाले, मुलांचा अभ्यास घेता घेता स्वतः इंग्लिशला हात घालणाऱ्या आया, हे सगळे मला शब्दांबद्दल विचारत असतात आणि प्रश्न फिरून फिरून तेच येतात, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवलंय. ज्याचं उत्तर दुसरीकडे आहे तिथे नंबर दिलाय. इंग्लिश शब्द मुद्दाम देवनागरीत लिहिलेत, स्पेलिंग तुम्ही डिक्शनरीत शोधायचं, त्या निमित्ताने ती उघडली जाते.

१. इंटरमिजिएट म्हणजे नक्की कुठली लेव्हल, आणि मी त्यात आहे का हे कसं कळणार?

कौन्सिल ऑफ युरोपने २००१ साली भाषेच्या सहा पायऱ्या छापल्या, ए१, ए२, बी१, बी२, सी१, सी२. मधल्या दोन, म्हणजे बी१ आणि बी२, याला इंटरमिजिएट म्हणतात. बी१ वाला ओळखीच्या विषयावर निभावून नेतो, दुकान, प्रवास, ऑफिसचं रोजचं काम वगैरे. बी२ वाला नवीन विषयावरसुद्धा स्वतःचं मत सांगू शकतो आणि समोरच्याला ताटकळावं लागत नाही.

घरच्या घरी बघायचं असेल तर इंग्लिश पेपरमधलं पुण्याच्या बातम्यांचं पान घ्या, पाणीकपात, मेट्रो, कुठलीही बातमी चालेल, शंभर शब्द मोजा आणि अडलेल्या शब्दांखाली रेघ मारा. चार-पाच रेघा आल्या तर तुम्ही चांगल्या जागी आहात. दहा-बाराच्या वर गेल्या तर आधी सोपं वाचायला घ्या (प्रश्न १६). हा माझा ठोकताळा आहे, परीक्षा नाही.

२. एकूण किती शब्द यायला हवेत?

ऑक्सफर्डची एक यादी आहे, ऑक्सफर्ड ३०००, त्यात ए१ पासून बी२ पर्यंतचे महत्त्वाचे शब्द आहेत आणि प्रत्येकापुढे लेव्हल लिहिलेली आहे. ऑक्सफर्ड ५००० मध्ये त्यावर आणखी २००० शब्द येतात, ते बी२ आणि सी१ चे. इंटरमिजिएटवाल्यांनी पहिली यादी पक्की करावी आणि दुसरीत हळूहळू शिरावं, एवढं पुष्कळ आहे.

इंटरनेटवर आठ-नऊ हजाराचा आकडा दिसतो आणि लोक घाबरून जातात. तो आकडा पॉल नेशन या न्यूझीलंडच्या अभ्यासकाच्या कामातून आलाय आणि तो कादंबरी किंवा पेपर कुणाच्या मदतीशिवाय वाचता येण्यासाठी आहे, म्हणजे शंभरातले ९८ शब्द ओळखीचे असावेत या हिशोबाने. शिवाय ते सुटे शब्द नाहीत, कुटुंबं आहेत. 'डिसाइड', 'डिसिजन', 'डिसाइसिव्ह', 'अनडिसायडेड' हे सगळं मिळून एक कुटुंब. म्हणजे एक शब्द नीट आला की त्याच्या मागोमाग तीन-चार अर्धे येतातच.

३. रोज किती शब्द करायचे? पन्नास जमतील का?

पन्नास पाठ होतात, राहत नाहीत. दिवसाला पाच, फार तर सात. आणि आठवड्यातला एक दिवस नवीन काहीच नाही, फक्त जुने. परीक्षा तोंडावर असली तरी दहाच्या वर जाऊ नका, कारण प्रत्येक नवा शब्द पुढच्या आठवड्यात रिव्हिजनला उभा राहणार असतो आणि ते ओझं दिसत नाही, अचानक अंगावर येतं. ते कसं सांभाळायचं ते प्रश्न ६ मध्ये.

४. ताई, शब्दाचा अर्थ मराठीत लिहायचा की इंग्लिशमध्येच? क्लासमध्ये सांगतात मराठीत विचारच करू नका.

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि यावर माझं मत ठाम आहे. मराठीत लिहा. फक्त जी मराठी तुम्ही खरंच बोलता त्या मराठीत लिहा.

होतं काय, खिशातली डिक्शनरी 'रिलक्टंट' समोर 'अनिच्छुक' असं छापते, आपण ते उतरवून घेतो आणि मग दोन्ही शब्द परके राहतात, कारण घरात कुणी 'मी अनिच्छुक आहे' असं बोलत नाही. आपण म्हणतो, उन्हात बाहेर पडायचं जिवावर आलंय. ते जिवावर येणं म्हणजे रिलक्टंट. एकदा असं बसलं की पुढच्या वेळी तुम्हाला कंटाळत कंटाळत कुठे जावं लागेल तेव्हा हा शब्द स्वतःहून वर येतो.

आणखी काही देते. 'व्हेग' म्हणजे मोघम. 'स्टबर्न' म्हणजे हेकट. 'प्रिटेंड' म्हणजे सोंग आणणं. 'हेझिटेट' म्हणजे कचरणं. 'नेग्लेक्ट' म्हणजे हयगय करणं. 'पर्स्वेड' म्हणजे गळी उतरवणं. 'अकम्प्लिश' म्हणजे तडीस नेणं. 'मीगर' म्हणजे तुटपुंजा. 'इनएव्हिटेबल' म्हणजे अटळ. 'ऑक्वर्ड' म्हणजे अवघडल्यासारखं होणं. 'फ्यूटाइल' म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. बघा यातला एकही मराठी शब्द आजीला समजावून सांगावा लागणार नाही, आणि म्हणूनच तो इंग्लिश शब्दाला धरून ठेवतो.

मराठी अपुरी पडते ती वाक्यं जोडणाऱ्या शब्दांना. 'डिस्पाइट' आणि 'ऑल्दो' दोन्हीचा अर्थ 'असूनही, तरी' असाच येतो, पण 'डिस्पाइट' नंतर नुसतं नाम येतं, 'डिस्पाइट द रेन', आणि 'ऑल्दो' नंतर पूर्ण वाक्य, 'ऑल्दो इट वॉज रेनिंग'. इथे अर्थ पाठ करून उपयोग नाही, वाक्यच पाठ करा. बी२ च्या पुढे गेलात की इंग्लिश अर्थही वाचायला लागा, पण मराठी खोडू नका.

५. वहीत शब्द कसा लिहायचा? माझ्या तीन वह्या भरल्या पण उपयोग शून्य.

शब्द बरोबर अर्थ, शब्द बरोबर अर्थ, अशी वही असेल तर ती यादी झाली. एका शब्दाला चार ओळी द्या. पहिल्या ओळीत शब्द आणि तो नाम आहे की क्रियापद. दुसरीत तुमच्या बोलीतला अर्थ. तिसरीत त्याच्याबरोबर काय येतं ते. चौथीत तुमच्या आयुष्यातलं वाक्य, पुस्तकातलं नाही.

उदाहरण, 'इन्सिस्ट', क्रियापद, हट्ट धरणं, ऐकूनच न घेणं. पुढे 'ऑन' येतं आणि मग क्रियापदाला आयएनजी. वाक्य, 'माय मावशी इन्सिस्टेड ऑन पेइंग द रिक्षा.' हे खरंच घडलेलं असेल तर विसरणं अवघड आहे.

दुसरं, 'अफोर्ड', परवडणं. इथे सांभाळा, मराठीत 'मला परवडत नाही' म्हणजे परवडणारी ती वस्तू, इंग्लिशमध्ये 'आय कान्ट अफोर्ड इट', इथे कर्ता मी. आवडणं, आठवणं, पटणं या सगळ्यांचं असंच आहे, मराठीतला 'मला' इंग्लिशमध्ये 'मी' होतो. तिसऱ्या ओळीचा खरा उपयोग इथे होतो.

६. पाठ होतं पण दोन दिवसांत विसरतो. माझी मेमरीच खराब आहे का?

नाही. हर्मन एबिंगहाउस नावाच्या जर्मन संशोधकाने स्वतःवरच प्रयोग करून १८८५ साली दाखवलं की नवीन पाठ केलेलं आपण सुरुवातीला झपाट्याने विसरतो आणि नंतर विसरण्याचा वेग कमी होत जातो. सगळ्यांचं तसंच होतं. उपाय एकच, पूर्ण विसरायच्या आत परत आठवायचं, आणि प्रत्येक वेळी मधलं अंतर वाढवत न्यायचं. दुसऱ्या दिवशी, मग तीन दिवसांनी, मग आठवड्याने, मग महिन्याने.

यात 'आठवायचं' हे महत्त्वाचं. वही उघडून परत परत वाचणं म्हणजे रिव्हिजन नाही, ते फक्त ओळखीचं वाटतं आणि आपण समाधानी होतो. अर्थावर हात ठेवा, आठवा, अडलं तर थोडा वेळ अडू द्या, मग हात काढा.

कार्ड करायची असतील तर एका बाजूला शब्द आणि मागे अर्थ-वाक्य, आणि चपलांच्या रिकाम्या खोक्यात पुठ्ठ्याचे पाच कप्पे. बरोबर आलं तर कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकलं तर परत पहिल्यात. पहिला कप्पा रोज बघायचा, शेवटचा महिन्यातून एकदा. ही पद्धत सेबास्टियन लाइटनर या जर्मन पत्रकाराने १९७० च्या दशकात लोकांपुढे आणली. मोबाईलवर हवं असेल तर अँकी नावाचं ॲप हेच अंतराचं गणित स्वतः करतं. पण कार्ड स्वतः बनवा, दुसऱ्याने बनवलेला हजार कार्डांचा गठ्ठा डाउनलोड केलात तर त्यात तुमची मावशी नसते.

७. वाचताना शब्द कळतो, बोलायला गेलं की तोंडात येत नाही. असं का?

कारण ओळखणं आणि वापरणं ही दोन वेगळी कामं आहेत. मराठीतसुद्धा तसंच आहे की, अग्रलेखातले कितीतरी शब्द आपल्याला कळतात पण आपण ते बोलत नाही. सगळेच शब्द तोंडात यायला हवेत असंही नाही. वहीतल्या वीस शब्दांपैकी पाच निवडा जे तुम्हाला खरंच लागणार आहेत आणि तेवढेच बोलायचे, बाकीचे वाचनापुरते ठेवा.

बोलायचे म्हणजे मोठ्याने. स्वारगेटवरून बसमध्ये बसलात की मनातल्या मनात दिवसाचा हिशोब इंग्लिशमध्ये सांगा हा सल्ला सगळे देतात, चांगला आहे, पण तोंडाला वळण मनातल्या मनात लागत नाही. घरी आल्यावर मोबाईलवर दोन मिनिटं रेकॉर्ड करा, कालच्या पाच शब्दांपैकी तीन तरी त्यात यायला हवेत, आणि मग ऐका. पहिल्यांदा स्वतःचा आवाज ऐकवत नाही, आठवडाभराने सवय होते. उलटी दिशाही हवी, कार्डची मराठी बाजू बघून इंग्लिश शब्द आठवायचा. बहुतेक लोक हे करतच नाहीत आणि म्हणून बोलताना अडतात.

८. मराठीत एकच शब्द आणि इंग्लिशमध्ये दोन-तीन. कुठला कुठे वापरू?

'बघणं' घ्या. नजर पडली आणि दिसलं तर 'सी', मुद्दाम नजर वळवली तर 'लुक ॲट', हलतं काहीतरी लक्ष देऊन बघत बसलो तर 'वॉच'. 'ऐकणं' तसंच, कानावर आलं तर 'हिअर', कान देऊन ऐकलं तर 'लिसन टू'. 'उसनं' मध्ये देणारा 'लेंड' करतो आणि घेणारा 'बॉरो' करतो. मला पेन बॉरो दे असं म्हणणारे खूप आहेत. 'आठवणं' आपोआप झालं तर 'रिमेंबर', कुणी करून दिली तर 'रिमाइंड'. 'सांगणं' म्हणजे 'टेल', आणि टेलला लगेच माणूस लागतो, 'टेल मी'. 'म्हणणं' म्हणजे 'से', त्याला माणूस लावायचा असेल तर मध्ये 'टू' येतं. 'सेड मी' असं कुठेच होत नाही.

या जोड्या एकाच पानावर लिहा, वेगवेगळ्या दिवशी नको. फक्त दोन्ही शब्द नवे असतील तर एक आधी पक्का करा आणि मगच दुसरा आणा, नाहीतर 'लेंड' कुठला आणि 'बॉरो' कुठला हा घोळ कायमचा बसतो.

९. सिनॉनिम म्हणजे अर्थ सारखाच ना? मग कुठलाही वापरला तर काय बिघडलं?

बिघडतं, कारण अर्थ सारखा असला तरी सूर वेगळा असतो. 'थ्रिफ्टी' म्हणजे काटकसरी आणि 'स्टिंजी' म्हणजे चिक्कू. 'क्युरिअस' म्हणजे जिज्ञासू, 'नोझी' म्हणजे भोचक. 'स्लिम' म्हणजे शिडशिडीत, 'स्किनी' म्हणजे हाडं दिसणारी. 'चाइल्डलाइक' कौतुकाने म्हणतात, 'चाइल्डिश' रागावून. बॉसला 'यू आर व्हेरी थ्रिफ्टी' आणि 'यू आर व्हेरी स्टिंजी' यात नोकरीचा फरक आहे. वहीत शब्दापुढे अधिक किंवा वजा अशी खूण करा, एवढ्याने भागतं.

१०. एकाच इंग्लिश शब्दाचे इतके अर्थ, सगळे पाठ करायचे?

नाही. जो समोर आला तेवढाच लिहा आणि खाली जागा मोकळी सोडा. 'ॲड्रेस' म्हणजे पत्ता हे सगळ्यांना येतं, पण 'ॲड्रेस द प्रॉब्लेम' म्हणजे प्रश्नाला हात घालणं. 'चेअर द मीटिंग' म्हणजे अध्यक्षस्थानी बसणं. पेपर वाचणाऱ्यांनी दोन शब्द मात्र नीट बघावेत. 'सँक्शन' म्हणजे मंजुरी, आणि 'सँक्शन्स' असं अनेकवचनात बातमीत आलं तर एका देशाने दुसऱ्यावर लादलेले निर्बंध. 'ओव्हरसाइट' म्हणजे देखरेख आणि 'ओव्हरसाइट' म्हणजेच नजरचूक. एकाच शब्दाला जवळजवळ उलटे दोन अर्थ, आणि ठरतं फक्त वाक्यावरून.

११. शब्द बरोबर, ग्रामर बरोबर, तरी सर म्हणतात वाक्य ऑड वाटतं.

शब्दांच्या जोड्या चुकतात. मराठीत आपण फोटो काढतो, शपथ घेतो, सिगारेट ओढतो, चप्पल घालतो. परक्या माणसाने 'चप्पल नेसली' म्हटलं तर अर्थ कळेल पण कानाला लागेल. इंग्लिशचंही तेच. 'मेक अ मिस्टेक' पण 'डू होमवर्क'. पाऊस 'हेवी', चहा 'स्ट्राँग', पण वारासुद्धा 'स्ट्राँग'. 'पे अटेन्शन', 'कीप अ प्रॉमिस', 'कॅच अ कोल्ड'.

आपल्याकडची सगळ्यात नेहमीची म्हणजे परीक्षा. मराठीत विद्यार्थी परीक्षा देतो आणि शाळा परीक्षा घेते. इंग्लिशमध्ये बरोबर उलट, विद्यार्थी 'टेक्स ॲन एक्झाम'. 'आय गेव्ह माय एक्झाम' भारतात सगळे समजून घेतात, बाहेरच्या माणसाला वाटतं तुम्ही मास्तर आहात. जोड्या शोधायला लर्नर्स डिक्शनरी लागते, प्रश्न १५ बघा.

१२. फ्रेजल व्हर्ब्जची भीती वाटते. शेकडो आहेत, लॉजिक काहीच नाही.

फ्रेजल व्हर्ब म्हणजे क्रियापदाला एखादा छोटा शब्द जोडला की अर्थच बदलतो ते. मराठीत आपण हेच करतो आणि आपल्याला कळतही नाही. 'पडणं' घ्या. गाडी बंद पडते, पैसे कमी पडतात, विसर पडतो, घराबाहेर पडतो, महागात पडतं. यात खरं पडणं कुठेच नाही. मग 'ब्रेक डाउन' म्हणजे बंद पडणं याचं आश्चर्य नको. 'फॉल शॉर्ट' कमी पडणं, 'पुट ऑफ' पुढे ढकलणं, 'गिव्ह अप' सोडून देणं, 'लुक आफ्टर' सांभाळणं, 'टर्न डाउन' नाकारणं, 'रन आउट ऑफ' संपणं, 'फाइंड आउट' शोधून काढणं, 'गेट अलाँग' पटणं, म्हणजे सासूशी पटतं वगैरे.

यादी करताना 'गेट' चे सगळे एकत्र, 'पुट' चे सगळे एकत्र असं करू नका, डोक्यात कालवाकालव होते. विषयाने घ्या. गाडीचे, ऑफिसचे, घरातल्या माणसांचे.

१३. प्रीफिक्स-सफिक्सने खरंच शब्द वाढतात का?

वाढतात, आणि मराठी मीडियमवाल्यांना हे जास्त सोपं जातं कारण शाळेत उपसर्ग झालेले असतात. आहार, विहार, प्रहार, संहार, उपहार, सगळ्यांच्या पोटात एकच 'हार'. इंग्लिशमध्ये लॅटिनचा 'रप्ट' आहे, अर्थ तुटणं, फुटणं. 'इंटरप्ट' मध्येच तोडणं, 'इरप्ट' फुटून बाहेर येणं, 'डिसरप्ट' विस्कळीत करणं, 'बँकरप्ट' दिवाळं निघालेला. असंच 'स्पेक्ट' म्हणजे बघणं, त्यावरून 'इन्स्पेक्ट', 'स्पेक्टेटर', 'प्रॉस्पेक्ट'.

अपवाद महत्त्वाचे आहेत. 'इन' लागलं की नेहमी उलटा अर्थ होत नाही. पेट्रोलच्या टँकरवर 'हायली इन्फ्लेमेबल' लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ पटकन पेट घेणारं, आणि 'फ्लेमेबल' चा अर्थही तोच. पेट न घेणारं हवं असेल तर 'नॉन-फ्लेमेबल'. 'इनव्हॅल्युएबल' म्हणजे कवडीमोल नाही, अमूल्य. म्हणून फोड करून अंदाज बांधा, पण तो अंदाजच समजा आणि एकदा डिक्शनरीत बघून घ्या.

१४. उच्चार देवनागरीत लिहिला तर चालेल का?

सुरुवातीला चालेल, आणि मराठीला ॲ आणि ऑ आहेत, ऱ्हस्व-दीर्घ आहे, हा फायदा आहे. 'शिप' आणि 'शीप' वेगळे लिहिता येतात. 'वेस्ट' म्हणजे पश्चिम आणि 'व्हेस्ट' म्हणजे बनियन हेही. मूक अक्षरं पण पकडता येतात, 'रिसीट' मध्ये पी आहे पण ऐकू येत नाही.

जे पकडता येत नाही ते म्हणजे जोर. 'रेकॉर्ड' नाम असेल तर जोर पहिल्या भागावर आणि क्रियापद असेल तर दुसऱ्यावर. 'डेव्हलप' मध्ये जोर दुसऱ्या भागावर, आपण पहिल्यावर देतो. म्हणून जोराच्या अक्षराखाली रेघ मारा आणि ऑनलाइन डिक्शनरीत स्पीकरचं चित्र दाबून एकदा ऐका.

१५. डिक्शनरी कुठली घेऊ? गूगल ट्रान्सलेट आहे की.

गूगल ट्रान्सलेट अर्थ सांगतं, शब्दाबरोबर काय येतं ते सांगतंच असं नाही. तुम्हाला लर्नर्स डिक्शनरी हवी, म्हणजे शिकणाऱ्यांसाठी केलेली. ए. एस. हॉर्नबी यांनी केलेली ऑक्सफर्डची ॲडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी १९४८ पासून चालत आलीय, त्यात अर्थ मोजक्या सोप्या शब्दांत असतात आणि शब्दाबरोबर काय येतं ते वाक्यात दाखवलेलं असतं. ती ऑनलाइन मोफत आहे. हातात धरायला हवी असेल तर अप्पा बळवंत चौकात जुनी आवृत्ती मागा, दोन-तीन आवृत्त्या मागची असली तरी काही बिघडत नाही.

मराठीकडून इंग्लिशकडे जायचं असेल तर मोल्सवर्थचा मराठी-इंग्लिश शब्दकोश बघा. त्याची दुसरी आवृत्ती १८५७ ची, इंग्लिश जुनं आहे ते तसंच वापरू नका, पण एकेका मराठी शब्दाच्या छटा ज्या प्रेमाने उलगडल्यात ते वाचण्यासारखं आहे. शिकागो युनिव्हर्सिटीच्या साइटवर मोफत मिळतो.

१६. वाचू काय? पेपर वाचायला घेतला की झोप येते.

मग पेपर नका वाचू. तुम्हाला ज्याची आवड आहे तेच इंग्लिशमध्ये वाचा. क्रिकेट आवडतं तर मॅचचा रिपोर्ट, स्वयंपाक आवडतो तर रेसिपी, ट्रेकिंग आवडतं तर राजगड-तोरण्यावर लिहिलेलं काहीही. विषय माहितीचा असला की अडलेल्या शब्दाचा अर्थ अंदाजाने निम्मा कळतो. लहान मुलांची पुस्तकं घ्यायला लाजू नका. पुणे नगर वाचन मंदिर १८४८ पासून आहे, अशा लायब्ररीची मेंबरशिप पुस्तकं विकत घेण्यापेक्षा स्वस्त पडते. सिनेमा बघणार असाल तर इंग्लिश सबटायटल लावा, मराठी-हिंदी नको.

प्रत्येक अडलेला शब्द शोधू नका. एका पानावर तीन. जो परत परत येतोय तो आधी.

१७. एमपीएससी, यूपीएससी, आयईएलटीएस, प्रत्येकाला वेगळे शब्द लागतात का?

पाया एकच. वरचा थर वेगळा. यूपीएससी मुख्य परीक्षेत इंग्लिशचा पेपर ३०० मार्कांचा आणि फक्त पात्रतेचा, २५ टक्के लागतात, तिथे नेमकं आणि शुद्ध लिहिणं पुरतं. ज्या परीक्षांना समानार्थी-विरुद्धार्थी ऑब्जेक्टिव्ह येतं त्यांनी मागचे पेपर सोडवून त्यातलेच शब्द आधी घ्यावेत. आयईएलटीएस या परदेशी जाणाऱ्यांच्या इंग्लिश परीक्षेत रायटिंग आणि स्पीकिंगमध्ये शब्दसंग्रहाला चार निकषांपैकी एक, म्हणजे पाव भाग वजन आहे. रायटिंगसाठी आणि एकूणच परदेशी शिकायला जाणाऱ्यांना ॲकॅडेमिक वर्ड लिस्ट उपयोगी पडते, अव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली प्रसिद्ध केलेली, ५७० शब्दकुटुंबं आहेत. 'सिग्निफिकंट', 'अ‍ॅनलाइझ', 'कॉन्ट्रास्ट' असे कुठल्याही विषयात चालणारे.

१८. इंटरव्ह्यूत भारी शब्द टाकले तर इंप्रेशन पडतं का?

नाही. 'युज' चालत असताना 'युटिलाइझ' कशाला. भारी शब्द एकटा दिसतो, आजूबाजूचं वाक्य साधं असलं की तो आणखी उघडा पडतो. त्याऐवजी 'गुड', 'नाइस', 'व्हेरी बिग' यांच्या जागी नेमका शब्द घाला, 'युजफुल', 'प्लेझंट', 'कन्सिडरेबल'. एवढ्याने फरक ऐकू येतो.

१९. आपण मराठीत रोज जे इंग्लिश शब्द वापरतो ते तर येतातच ना?

येतात, पण काहींचा अर्थ इकडे येताना बदललाय. आपण हॉटेलात मिसळ खायला जातो, इंग्लिशमध्ये ते 'रेस्टॉरंट', 'हॉटेल' म्हणजे राहायची जागा. आपला 'ड्रेस' म्हणजे पंजाबी ड्रेस. 'स्टेपनी' हे वेल्समधल्या एका चाकं बनवणाऱ्या कंपनीचं नाव होतं, बाहेर 'स्पेअर व्हील' म्हणा. गाडीची डिकी म्हणजे 'बूट', अमेरिकेत 'ट्रंक'. 'मला डाऊट आहे' म्हटलं की परदेशी माणसाला वाटतं तुमचा विश्वास नाही, तिथे 'क्वेश्चन' म्हणा. 'मी २०१८ ला पासआउट झालो' याचा अर्थ त्यांच्या लेखी चक्कर येऊन पडलो असा होऊ शकतो, 'ग्रॅज्युएटेड' म्हणा. 'प्रीपोन' भारतात बिनधास्त वापरा, भारतीय इंग्लिश म्हणून डिक्शनरीत आहे, पण परदेशी क्लायंटला 'मूव्ह इट अर्लियर' लवकर कळेल.

२०. ब्रिटिश शिकू की अमेरिकन?

कुठलंही, पण एका ईमेलमध्ये एकच. शाळेत ब्रिटिश स्पेलिंग झालंय, तेच ठेवा. कंपनी अमेरिकन असेल तर त्यांचं घ्या.

२१. माझं वय पंचेचाळीस, मराठी मीडियम, आता होईल का?

होतं. मोठ्या माणसाला पाठांतराला थोडा जास्त वेळ लागतो, पण अर्थ पटकन कळतो, कारण जे अनुभवलंय त्याला फक्त नवं नाव द्यायचं असतं. सोळा वर्षांच्या पोराला 'काँप्रमाइज' समजावून सांगावं लागतं, तुम्हाला नाही. मुलांबरोबर एकाच वहीत करा, मुलगा शब्द आणेल, तुम्ही मराठी अर्थ द्या. मुलांचं मराठीही सुधारतं.

२२. मराठी शब्दाला इंग्लिशमध्ये शब्दच सापडला नाही तर?

कधीकधी नसतोच. उष्टं, माहेर, सोवळं, यांना एक शब्द नाही. परवा म्हणजे येणारा परवा का झालेला परवा हे आपण क्रियापदावरून ओळखतो, इंग्लिशमध्ये ते पूर्ण सांगावं लागतं, 'द डे आफ्टर टुमॉरो' किंवा 'द डे बिफोर यस्टरडे'. चुलत, मामे, मावस, आते, सगळे 'कझिन', आणि त्याला 'ब्रदर' जोडायचं नाही. नातं सांगणं गरजेचं असेल तर 'माय मदर्स ब्रदर्स सन'. उष्ट्याला परिस्थितीप्रमाणे वाक्य करा, 'आय हॅव ऑलरेडी टेकन अ बाइट फ्रॉम इट'. माहेरला 'माय पेरेंट्स प्लेस'. शब्द अडला तर गप्प बसू नका, असं फोडून सांगायची सवय लावा, आणि ही फोड करायला लागणारे सगळे शब्द ऑक्सफर्ड ३००० मध्येच आहेत.